दोप्पीचं नववं पृष्ठ

"घरात माणसं किती?" महल्ला समितीच्या झुल्फियाऑपाने विचारलं.

"दोन," एर्गाशदादांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं.

त्यांची मुलगी मोहिरा अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर मुरब्ब्यासाठी बिहीची फळं चिरत बसली होती. तिची सुरी फळातच थांबली.

"म्हणजे मोहिरा आता कायमची इथं राहायला आली म्हणायची?" झुल्फियाऑपाने खुशीत विचारलं. थंडी सुरू व्हायच्या आधी कोणाच्या घरी गॅस किती लागेल हे विचारत ती दारोदार फिरत होती.

"छे छे, ती पाहुणी. तिचं सगळं ताश्कंदला. इथं आम्ही दोघंच."

"दोघं," झुल्फियाऑपा म्हणाली. तिने मोहिराकडे पाहिलं. मोहिराने फळाकडे पाहिलं. "बरं तर, एर्गाशअका. गॅस जपून वापरा हं." एरवी चहा घेतल्याशिवाय न उठणारी ही बाई डोक्यावरचा रुमाल सावरत घाईने फाटकाबाहेर पडली.

दादांची बायको, मोहिराची ऑयी, खरबुजांच्या दिवसांत गेली होती. आता अंगणातल्या तेंदूची पानं गळून झाडावर नुसती केशरी फळं लटकत होती. तिला खांदा द्यायला सगळा महल्ला आला होता; झुल्फियाऑपानेच तर बायकांना रांगेत बसवलं होतं. दुसरं माणूस कोण, हे तिला विचारायची गरज नव्हती.

चुस्तसारख्या गावात बातमी पोचवायला फोन लागत नाही, पण झुल्फियाऑपाने फोनही केला. संध्याकाळी मोहिराच्या थोरल्या भावाचा, रवशनचा आवाज ताश्कंदहून कानात शिरला.

"मोहिरा, खरं सांग. दादा ऑयीबद्दल बोलतात?"

"बोलतात."

"ती असल्यासारखं?"

मोहिराने खिडकीची काच बाहीने पुसली.

"अगं बोल ना! मला लोकांकडून ऐकायला लागतंय."

"तिच्यासाठी चहा ओततात, रवशनअका. रोज. सकाळ-संध्याकाळ."

पलीकडे गाडीचं दार लावल्याचा आवाज आला. मग तो हळू म्हणाला, "तुझ्या शहलावहिनीने नमनगानला एक डॉक्टरीण पाहिलीय, अशाच गोष्टींची. गुरुवारी मी गाडी घेऊन येतो, आपण त्यांना दाखवू. त्यांच्या डोक्यात बिघाड आहे असं ती म्हणाली, तर मी त्यांना ताश्कंदला आणणार. घराला कुलूप."

"दादा? फ्लॅटमध्ये?"

"मग काय करू? गॅस उघडा ठेवून झोपले तर? तुझी रजा संपत आली. मी दुकान सोडून येऊ शकत नाही. तू सांग दुसरा उपाय."

मोहिरा खिडकीतून पाहत होती. दादा शिडीवर चढून तेंदू उतरवत होते. प्रत्येक फळ देठासकट, जरासं गोल फिरवून. सर्वांत वरची फळं ते चिमण्यांसाठी ठेवत. रोज सकाळी फाटकाबाहेरचा रस्ता झाडून पाणी शिंपडायचं, मग चायखान्यात जाऊन जुन्या ड्रायव्हर मंडळींना चिडवायचं, दुपारी येताना तंदूरची गरम रोटी आणायची. चुस्त–नमनगान रस्त्यावर आयुष्यभर बस चालवलेला हा माणूस उंच इमारतीतल्या दोन खोल्यांत दिवसभर काय चालवणार होता?

"गुरुवारी या," ती म्हणाली.

*

रजेवर आल्याच्या पहिल्या सकाळी तिने ते पाहिलं तेव्हा तिला वाटलं, सवयीने झालं असेल. दादांनी किटलीतला चहा पियाल्यात ओतला, पुन्हा किटलीत घातला, असं तीनदा केलं, आणि मग तीन पियाले मांडले. स्वतःचा. मोहिराचा. आणि निळ्या काठाचा, ज्याच्या काठाचा एक टवका उडाला होता आणि तरीही ऑयीने ज्याला कधी टाकू दिलं नव्हतं. त्या पियाल्यात त्यांनी अगदी घोटभर चहा ओतला आणि तो जेवणाच्या चादरीच्या पलीकडच्या कडेला, भिंतीशी रेललेल्या लोडासमोर सरकवला. मग रोटी तोडली आणि चायखान्यातल्या कोणाची तरी गंमत सांगायला लागले. उठताना तो गार चहा तेंदूच्या बुंध्याशी ओतला, पियाला धुतला, पुसला, पालथा घातला.

तिने काही विचारलं नाही. विचारायचा तिला अधिकारही वाटत नव्हता. ताश्कंदच्या छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. सिरिलिक लिपी जाऊन लॅटिन आल्यापासून रोज एक चूक हमखास सापडे: 'यॉक' आणि 'योक'. यॉक म्हणजे घनाकृतीचं पृष्ठ, योक म्हणजे नाही. आणि नव्या लिपीत दोहोंमध्ये फरक काय, तर अक्षराच्या डोक्यावर टांगलेलं माशीएवढं चिन्ह. ते गळलं किंवा उगाच चिकटलं की अर्थ कोलमडतो. शाळेत भूमिती शिकवणाऱ्या ऑयीला या चुकीची भारी चीड. एका पोराने उत्तरपत्रिकेत 'घनाला सहा नाही असतात' असं लिहिलं होतं, ते ती वर्षानुवर्षं सांगायची. म्हणून अशी चूक सापडली की मोहिरा जेवणाच्या सुट्टीत तिला फोन करून सांगे. अजूनही सापडली की ती कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करी, ऑयीला सांगायला. मग खूण खोडे.

तेव्हा दादांच्या पियाल्याला वेड म्हणायचं की काय म्हणायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं. आणि गुरुवारी ठरवायचं होतं.

*

ऑयीला सगळा गाव इनाबत मुअल्लिमा, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणायचा. दादाही तिला 'मुअल्लिमा'च म्हणत, कधी लाडाने, बहुतेक वेळा टोमणा म्हणून. हिवाळ्यात शाळा सुटली की चुस्तमधल्या इतर बायकांसारखी तीही दोप्पी, म्हणजे चौकोनी टोपी, शिवायला बसायची. काळ्या कापडावर पांढऱ्या रेशमाने भरलेल्या मिरच्या, वरच्या चारही पाखांवर एकेक, खालच्या पट्टीवर कमानी. दोप्पी ताठ राहावी म्हणून टिपांच्या मधल्या बारीक नळ्यांत ओल्या कागदाच्या वाती सरकवाव्या लागतात. त्यासाठी ऑयी जुन्या उत्तरपत्रिका वापरायची. "अर्धं चुस्त माझ्या पोरांच्या चुका डोक्यावर घेऊन फिरतं," ती म्हणायची.

मोहिरा सातवीत असताना एका संध्याकाळी शिरोबिंदू, कडा आणि पृष्ठं यांचं सूत्र तिच्या डोक्यात शिरेना. ऑयीने दादांच्या डोक्यावरची दोप्पी उचलली आणि तिच्यापुढे ठेवली.

"मोज. आधी कोपरे."

मोहिराने मोजले. अगदी वरचं टोक, एक. पाखं जिथं पट्टीला भेटतात तिथं चार. पट्टीच्या खालच्या काठाला चार. नऊ.

"कडा?"

टोकापासून खाली येणाऱ्या चार, पट्टीच्या वरच्या चार, उभ्या चार, खालच्या चार. सोळा.

"आता पृष्ठं."

वरची चार पाखं, पट्टीच्या चार बाजू. आठ.

"कोपरे आणि पृष्ठं मिळव, कडा वजा कर. किती उरायला हवेत?"

"दोन."

"किती उरले?"

"एक," मोहिरा म्हणाली, आणि पुन्हा मोजायला लागली. पुन्हा एक. तिसऱ्यांदा मोजताना तिचा ओठ थरथरायला लागला.

"पोरीला रडवू नका, मुअल्लिमा," दादा कोपऱ्यातून म्हणाले. त्यांचं डोकं उघडं पडल्याने ते आधीच वैतागले होते. "आठ आहेत ती आठच राहणार."

"नऊ आहेत, दादासी," ऑयी म्हणाली. नवऱ्याला ती अशीच, 'पोरांचे बाबा' म्हणून हाक मारायची.

"नववं कुठाय? मला आंधळ्याला दाखवा तरी."

ऑयीने दोप्पी उलटी केली आणि आत मूठ घातली. "हे काय."

"ते भोक आहे, बाई! डोकं घालायचं भोक!"

"भोक असेल. हिशेबाला ते लागतं. ते धरलं नाही तर दोन येत नाहीत."

"म्हणजे जे नाही त्याला आहे म्हणायचं? उद्या तुम्ही माझ्या बसमधल्या रिकाम्या सीटचं तिकीट फाडाल."

"रिकामी असली तरी सीट आहे की नाही? की सीटही उतरून गेली?"

दादा हसून हसून मागे लोडावर पडले. "योक यॉक!" ते म्हणाले. "नसलेलं पृष्ठ! अरे, ऐका रे, आमच्या मुअल्लिमा पोरांना नसलेली पृष्ठं शिकवतात!"

तेव्हापासून ते भांडण घरात राहायलाच आलं. पाहुणा आला की चहाच्या दुसऱ्या पियाल्यानंतर दादा दोप्पी काढून त्याच्या पुढ्यात ठेवत. "मोजा पाहू, भाऊ. आठ का नऊ?" पाहुणा बिचारा आठच म्हणे. "बघा, मुअल्लिमा! आणखी एक मत." "मतं मोजून भूमिती होत नाही," ऑयी भाजी चिरता चिरता म्हणे. व्याही, शेजारी, गॅसवाला, पशुवैद्य, लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेला नवरदेव, सगळ्यांनी आठच सांगितलं होतं. ऑयी एका बाजूला एकटी होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात दादा तिच्या खाटेशी बसून राहत. एकदा मोहिरा पाणी घेऊन दारात आली, तेव्हा ते वाकून कुजबुजत होते. "एकदा आठ म्हणा ना. मी कोणाला सांगणार नाही. शपथ." ऑयीला बोलायची ताकद राहिली नव्हती. तिने गोधडीतून हात बाहेर काढला, मूठ वळली आणि त्यांना दाखवली.

"हट्टी," दादा म्हणाले, आणि ती मूठ दोन्ही हातांत धरून बसले.

*

गुरुवारी गाडीत दादा पुढे बसले आणि नमनगान येईपर्यंत त्यांनी रवशनला गाडी कशी चालवावी ते शिकवलं.

"ब्रेक इतका दाबू नकोस, मागे बसलेल्याची मान तुटेल."

"दादा, मी पंधरा वर्षं गाडी चालवतोय."

"मग पंधरा वर्षं मागचा माणूस सोसतोय. मोहिरा, मान आहे ना जागेवर?"

"आहे, दादा."

"आणि हो, रवशन, मला कुठं नेतोयस ते ठाऊक आहे मला. डोकं तपासायला. नीट सांगितलं असतंस तरी आलो असतो. रक्तदाबाचं नाव कशाला घेतलंस?"

रवशनचे कान लाल झाले.

डॉक्टरीण तिशीतली होती, चेहरा झोप न झालेल्या माणसाचा, पण आवाज मऊ. तिने दोघा भावंडांनाही आत बसू दिलं. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कोणत्या शहरात आहोत, हे विचारलं. दादांनी सांगितलं. पाच शब्द सांगून लक्षात ठेवायला लावले. शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. "तिकिटाचे सुटे पैसे देणाऱ्याला हे विचारता होय?" असं म्हणत दादा थेट दोनपर्यंत खाली आले. मग तिने एक कागद पुढे केला. त्यावर घनाचं चित्र होतं.

"असंच शेजारी काढा, अमकी," काकांना म्हणावं तसं ती म्हणाली. "घाई नाही."

दादांनी पेन्सिल घेतली. रेघा सरळ आल्या. पुढचा चौकोन, वरच्या तिरक्या कडा. मागच्या तीन कडा त्यांनी तुटक तुटक काढल्या.

डॉक्टरीण वाकली. "चित्रात तर सलग आहेत."

"चित्र चुकीचं आहे. मागच्या कडा तुटक काढायच्या. दिसत नाहीत म्हणून सोडायच्या नाहीत, आणि दिसतायत असंही दाखवायचं नाही. नाही तर मुअल्लिमा मार्क कापतात."

रवशनने मोहिराकडे पाहिलं. कापतात, असं ते म्हणाले होते.

"मुअल्लिमा कोण?" डॉक्टरणीने विचारलं.

"माझी बायको."

"त्या आता घरी आहेत?"

दादांनी पेन्सिल कागदाला समांतर ठेवली.

"योक," ते म्हणाले. शब्द स्पष्ट होता, प्रत्येक अक्षर जागच्या जागी. "खरबुजांच्या दिवसांत गेली."

"वाईट वाटलं ऐकून." डॉक्टरीण म्हणाली. "मग घरात आता माणसं किती, अमकी?"

"दोन."

"तुम्ही आणि…?"

दादांनी डोक्यावरची दोप्पी काढली, नीट झटकली आणि तिच्या टेबलावर घनाच्या चित्राशेजारी ठेवली. "तुम्ही शिकलेल्या आहात. याला पृष्ठं किती, मोजा बरं."

डॉक्टरणीने हसून दोप्पी फिरवली. बोटाने चार पाखं, मग पट्टीच्या चार बाजू. "आठ."

"नऊ," दादा म्हणाले.

तिने पुन्हा पाहिलं. "मला आठच दिसतात."

"नऊ आहेत, मुली. वेळ मिळाला की परत मोजा." त्यांनी दोप्पी उचलली. ती जराशी दबली होती. डोक्यावर घालण्याआधी त्यांनी आत मूठ सारून ती उघडली, आणि मूठ काही वेळ तशीच आत राहू दिली.

*

"ऐकलंस?" बाहेर व्हरांड्यात येताच रवशन दबल्या आवाजात म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यामुळे तो जास्तच चिडला होता. "नऊ म्हणाले! आयुष्यभर ज्या माणसाने आठसाठी जीव टाकला, दारात आलेल्या भिकाऱ्याकडूनसुद्धा आठ वदवून घेतलं, तो नऊ म्हणतोय. स्वतःची बाजू कोणती होती तेही विसरले. आता आणखी काय पुरावा हवा तुला?"

मोहिरा काही बोलणार, तोच डॉक्टरीण दार लोटून बाहेर आली.

"चाचणीत फारसं काही नाही," ती म्हणाली. "पाचही शब्द त्यांना आठवले. तो घन तर माझ्यापेक्षा चांगला काढलाय. मला फक्त ते 'दोन' खटकतंय. बायको गेली हे त्यांना माहीत आहे आणि तरी दोन म्हणतात. हा विसर आहे की दुसरंच काही, ते या कागदावरून मला कळणार नाही. त्यांच्यासोबत राहणारं माणूसच सांगेल." तिने मोहिराकडे पाहिलं. "तुम्ही राहताय ना सध्या?"

"हो."

"मग तुम्ही सांगा. मी आहे आत."

दार बंद झालं. रवशनने भिंतीला पाठ टेकली. "सांग तिला. पियाल्याचं सांग. उगाच लपवू नकोस, मोहिरा. मलाही त्यांना त्या फ्लॅटमध्ये कोंडायची हौस नाही."

"थांबा जरा," मोहिरा म्हणाली.

दादा पलीकडच्या बाकावर दारवानाशेजारी बसले होते आणि त्याला चुस्तच्या जुन्या पुलाची हकिगत सांगत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"दादा, दोप्पी देता जरा?"

"आज सगळ्यांना माझीच दोप्पी हवीय. डोकं गार पडतंय माझं."

"लगेच आणून देते."

त्यांनी ती तिच्या हातावर ठेवली. आत ऊब होती. तिने ती आणून रवशनच्या हातात दिली.

"मोजा, रवशनअका."

"काय?"

"कोपरे, कडा, पृष्ठं. ऑयीने शिकवलेलं."

"वेडी आहेस का? इथं? मला ते तेव्हा जमलं नाही. ऑयीने माझा नाद सोडला होता."

"ऑयीने कोणाचा नाद सोडलाय कधी? मोजा."

रवशनने नाक ओढलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर दोप्पी ठेवली. कोपरे झाले. कडा मोजताना तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जिथून सुरुवात केली त्या मिरचीवर अंगठा दाबून ठेवला. "सोळा. पृष्ठं आठ. नऊ आणि आठ सतरा, वजा सोळा." तो थांबला. "एक. दोन यायला पाहिजेत ना? काहीतरी चुकलं माझं."

"नाही चुकलं. आठ धरली की एकच येतो. दादांनी घरी तसं करून पाहिलं असणार. ऑयी गेल्यावर. एक आला असेल." तिने दोप्पी त्याच्याकडे सरकवली. "आता योक यॉक धरा आणि सांगा."

रवशनने दोप्पी उलटी केली आणि तिच्या आतल्या काळोखात पाहिलं. पट्टीच्या आतल्या बाजूचं अस्तर घामाने पिवळं पडलं होतं. एका ठिकाणी शिवण उसवून कागदाची वात डोकावत होती. तिच्यावर निळ्या शाईचा अर्धा आकडा होता. त्याने ती वात बोटाने हलकेच आत सारली.

"दोन," तो म्हणाला.

व्हरांड्यातून एक परिचारिका पाण्याचं भांडं घेऊन गेली.

"म्हणजे दादा हरले?" रवशनने विचारलं. "आपण होऊन?"

"आपण होऊन."

"आणि ती गेल्यावर. अरे देवा. तिला कळलंसुद्धा नाही." त्याने बाकाकडे पाहिलं. उघड्या डोक्याने बसलेले दादा लहान दिसत होते. पांढरे विरळ केस दोप्पीच्या आकारात चपटे बसले होते, चार कोपऱ्यांची खूण कपाळावरही उमटली होती. दारवान कशावर तरी मान डोलावत होता. "त्यांना काहीच विसर पडलेला नाही," रवशन हळू म्हणाला.

"नाही पडलेला."

"पण गॅसचं काय, मोहिरा? म्हातारा माणूस, एकटा." मग 'एकटा' हा शब्द त्याचा त्यालाच टोचला असावा, तो थबकला. "तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

"कळतंय. मुद्रितं कुठेही बसून वाचता येतात. मी छापखान्यात कधी विचारलंच नव्हतं. अर्धा महिना इथं, अर्धा तिथं. नाही म्हणाले तर बघू. तुम्ही अधूनमधून या."

"मुलांना घेऊन येईन," रवशन म्हणाला. "दोप्पी मोजायला लावतील त्यांना."

मोहिराने डॉक्टरणीचं दार ठोठावलं आणि आत जाऊन सांगितलं. तिने ते कमीत कमी शब्दांत सांगितलं, सूत्रासकट. डॉक्टरीण ऐकत राहिली. मग तिने कागद ओढून घनाच्या चित्राखाली काहीतरी लिहिलं आणि औषधाच्या रकान्यात आडवी रेघ मारली. "थंडी वाढलीय," निघताना ती म्हणाली. "त्यांची टोपी आधी परत करा."

*

"मग?" गाडी गावाच्या वाटेला लागल्यावर दादांनी विचारलं. "मला कुंडीत लावायचं ठरलं का?"

"नाही," रवशन म्हणाला. "राहा इथेच. पण मोहिरा येऊन-जाऊन राहील, आणि रात्री गॅसचा मुख्य खटका बंद. रोज. मी फोन करून विचारणार."

"विचार. तुझ्या जन्माआधीपासून मी इंजिन बंद करूनच झोपतो." ते बाहेर पाहायला लागले. वेचणी झालेल्या कपाशीच्या शेतांवर धुकं उतरत होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "ब्रेक आता बरा मारतोस."

घरी पोचेपर्यंत अंगण गार पडलं होतं, म्हणून आतल्या खोलीत चादर अंथरली. मोहिराने बिहीचा मुरब्बा काढला, दादांनी रोटी तोडली. आज चहा ओतायला रवशन बसला. त्याने चहा तीनदा पियाल्यातून किटलीत परत केला, मग दादांना दिला, मोहिराला दिला, स्वतःचा घेतला. फळीवर पालथा घातलेला निळ्या काठाचा पियाला त्याने स्वतःच उठून आणला. टवका उडालेली बाजू भिंतीकडे करून ठेवला आणि किटली वाकवली. त्याचं लक्ष पियाल्याकडे होतं की कुठं, कोण जाणे. चहा वर येत काठापर्यंत आला.

"अरे अरे अरे!" दादांनी हात पुढे केला. "एवढा? नकोशा पाहुण्याला भरून देतात तसा? तिला वाटेल, पी आणि जा म्हणतोय."

रवशन ओशाळला. त्याने पियाला दोन्ही हातांनी उचलला आणि एक थेंबही न सांडता चहा किटलीत परत ओतला. मग पुन्हा किटली वाकवली, यावेळी अगदी जपून.

"आणि झुल्फियाऑपा परत विचारायला आली तर?" मोहिराने विचारलं. "काय सांगणार तिला?"

"तिला?" दादांनी मुरब्ब्याची फोड रोटीवर ठेवली. "तिला एकच माणूस सांगेन. गॅसवाले नववं पृष्ठ धरत नाहीत."

रवशन हसला, आणि हसताना त्याने बाहीने डोळे पुसले. निळ्या पियाल्याच्या तळाशी घोटभर चहा वाफाळत होता. दादांनी वाकून पाहिलं.

"बास," ते म्हणाले. "आता बसेल ती."